पणजीची घरे : रंगाखालचा चिरा

फोंताईन्हासच्या बोळांतून हिंडून आलेला पाहुणा ‘पोर्तुगीज घरे पाहिली’ असे सांगतो. पहिल्या भेटीनंतर मीही तेच म्हणाले होते. पुढे काही पावसाळे तिथे जाणे-येणे झाले आणि हे विशेषण मला खटकू लागले.

पणजीला राजधानीपण उशिरा आले. जुन्या गोव्याला साथींनी ग्रासले, तेव्हा १७५९ साली व्हाइसरॉयने मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात मुक्काम हलवला. १८४३ साली ‘नोव्हा गोवा’ या नावाने पणजी अधिकृत राजधानी झाली. दरम्यान दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याच्या कारकिर्दीत (१८२७–३५) दलदल बुजवून रस्ते आखले गेले. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याचे फोंताईन्हास मात्र त्याआधीचे. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या आंतोनियो जुआंव द सिकेरा या गोवेकराच्या माडांच्या बागेत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, ही वस्ती उभी राहू लागली. म्हणजे वस्तीच्या मुळाशी पैसा आफ्रिकेतला आणि माणूस गोव्याचा!

आता घरेच पाहा. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, गिलावा शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा. काच महाग होती, तेव्हा खिडक्यांना पातळ शिंपल्यांची तावदाने बसवत; त्यांतून येणारा उजेड दुधाळ आणि थंड. मंगळुरी कौले बाझेल मिशनने चालवलेल्या कारखान्यांच्या परंपरेतली. कमानी, सज्जांचे कठडे, खिडक्यांच्या महिरपी यांवर युरोपचा ठसा उघड दिसतो. पण घर उभे आहे ते कोकणच्या मातीवर आणि इथल्याच गवंड्यांच्या हातावर.

जुन्या सचिवालयाजवळचे म्हामाय कामतांचे घर हा याचा दुसरा पुरावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या घराण्याचा व्यापार दूरवर पसरला होता. त्यांच्या दप्तरात पोर्तुगीज व फ्रेंच कागदांबरोबर मोडी कागदही आहेत. त्यांत अफू आणि तंबाखू आहे, आणि गुलामांचा व्यवहारही आहे. वारसा म्हणून घराचे कौतुक करायचे, तर त्या भिंतींवर लागलेला पैसा कोठून आला हेही वाचावे लागते.

या घरांना आज धोका आहे तो दोन बाजूंनी. पहिला ओलीचा. जांभा पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर पडू देतो. त्यावर सिमेंट थापले की ओल भिंतीत कोंडते, पोपडे निघतात आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. पावसाळा सरल्यावर घराला रंग काढण्याची जुनी रीत ही निव्वळ हौस नव्हती. त्या निमित्ताने भिंतीची वर्षाची तपासणी होत असे.

दुसरा धोका कागदावरचा. १८६७ सालची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. वारसाहक्काचा कायदा आता राज्याचा स्वतःचा असला तरी तत्त्व तेच आहे : मुलगा-मुलगी समान वाटेकरी, आणि मुलेबाळे असताना अर्ध्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. मुलींना हक्क देणाऱ्या या व्यवस्थेचे मोल मी कमी लेखत नाही. पण तीन पिढ्यांत एका घराचे वीस-पंचवीस मालक होतात. कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला. घर विकायला सगळ्यांच्या सह्या लागतात आणि कौले बदलायचा खर्च कोणा एकालाच सोसावा लागतो. सह्या मिळत नाहीत म्हणून घर पाडले जात नाही, आणि खर्चाला कोणी पुढे येत नाही म्हणून ते टिकतही नाही.

असे एक घर मी चार वर्षे पाहते आहे. पहिल्या वर्षी दाराला कुलूप होते. दुसऱ्या वर्षी सज्जाच्या सांध्यातून पिंपळ उगवला. गेल्या श्रावणात आढे वाकलेले दिसले. त्याच्या दोन्ही बाजूंची घरे ताज्या निळ्या-पिवळ्या रंगात न्हाली होती आणि पाहुणे त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. पडक्या घराच्या भिंतीवर सिमेंट कधीच चढले नव्हते. गिलावा गळालेल्या जागी हात लावला. चिरा अजून घट्ट होता. घर वाचवायचे, तर अजून वेळ गेलेली नाही. आधी पिंपळ काढायला हवा, मग कौले शाकारायला हवीत. तेवढ्यासाठी तरी सगळ्या वाटेकऱ्यांचे एकमत व्हावे.