पटावर नसलेली माणसे

पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे. येथे जमणाऱ्या बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या तांड्यांनी फौजांना धान्य पोचवीत. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात वेलस्लीच्या फौजेची मोठी मदार अशा तांड्यांवर होती. असई, अडगाव, गाविलगड हे त्या युद्धातले मोठे प्रसंग. पैकी शेवटचे दोन आमच्या वऱ्हाडातले.

या लढायांचे पदक कंपनी सरकारने मंजूर केले ते १८५१ साली, म्हणजे ४८ वर्षांनी! तेही हयात असलेल्यांनाच. विशीतला शिपाई तोवर अडुसष्ट वर्षांचा झाला होता. मधल्या काळात जे वारले, त्यांचे शौर्य हिशेबातून गळाले. आणि तांडेवाले? ते पलटणीच्या पटावर नव्हतेच. मग दुरुस्ती कशाची करणार?

कामगारांचे हजेरीपट तपासण्यात आमची उमर गेली. पटावर चूक असेल तर भांडता येते. नावच नसेल तर भांडायलाही जागा उरत नाही. म्हणून निवृत्त सैनिकांना आमचे सांगणे आहे : सेवानोंदीत कमावलेले पदक राहून गेले असेल, तर हयातीतच अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करा. दाद न मिळाली, तर २००७ च्या कायद्याने स्थापलेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. न्यायाला पुन्हा ४८ वर्षे लागू देऊ नका.