वीस खुर्च्या आणि एक नकार

मुंबईच्या फोर्टात सॉलिसिटरांच्या पेढ्यांच्या पाट्यांवर तीन-तीन, चार-चार आडनावं दिसतात. मूळ माणसं कधीच निवर्तलेली, नावं मात्र तशीच. त्या नावांमागच्या भागीदारांत जाऊन बसायचं कसं, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

पहिली पायरी उमेदवारीची. एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणून राहायचं, मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यायची. हायकोर्टाच्या मूळ शाखेत १९७६च्या दुरुस्तीपर्यंत सॉलिसिटरने कागद तयार करायचे आणि कौन्सिलने उभं राहून बोलायचं, अशी वाटणी होती. त्यामुळे पेढीला मान होता. (आमच्याकडे तालुक्याला कसली पेढी! वकीलसाहेबांचा वाडा आणि ओट्यावर कारकून.)

परीक्षा पास झाली म्हणजे भागीदारी मिळाली असं नव्हे. १९५६च्या कंपनी कायद्याच्या कलम ११ ने साध्या भागीदारीत वीसच माणसांना मुभा दिली होती. इंग्लंडने १९६७ साली सॉलिसिटरांना या मर्यादेतून मोकळं केलं. आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षं राहिली. विसावी खुर्ची भरली की एकविसाव्याने कुणाच्या निवृत्तीची वाट पाहायची, नाहीतर बाहेर पडून स्वतःची पाटी लावायची!

पण मला विचाराल तर दोष सगळा या विसाचा नाही. पाच-सहा भागीदारांच्या लहान पेढीला वीस आकडा कधी आडवा आला? तिथे खरी अडचण १९३२च्या भागीदारी कायद्याच्या कलम ३१ ची. वेगळा करार नसेल तर नवा भागीदार घ्यायला सगळ्या जुन्या भागीदारांची संमती लागते. एकाने मान हलवली नाही की संपलं. मग हुशार उमेदवार थांबतो आणि कुणाचा तरी मुलगा किंवा पुतण्या आत जातो. नकार देणाऱ्याचीही बाजू आहे म्हणा. कलम २५ प्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार व्यक्तिशः बांधील, एकाच्या चुकीपायी दुसऱ्याच्या घरादारावर गदा. अशा वेळी माणूस ओळखीचाच घेणार.

२००८ साली मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदा आला, संख्येची अट गेली, जोखीमही हलकी झाली. २०१३च्या कंपनी कायद्याने तर खास कायद्याखालच्या व्यावसायिकांना साध्या भागीदारीतही संख्येच्या अटीतून वगळलं. मात्र २००८च्या त्या कायद्याचं पहिलं परिशिष्ट उघडून पाहा. भागीदारांनी वेगळं ठरवलं नसेल तर नव्या माणसासाठी सर्वांची संमती तिथेही मागितली आहे.