तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी

श्रावण अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात तान्हा पोळा भरतो, आणि चाकांच्या पाटावर उभे केलेले लाकडी बैल, ज्यांना इकडे नंदी म्हणतात, मुले दोरीने ओढत आणतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी सुरू केल्याचे परंपरा मानते. १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत भंडारा त्याच राज्यात असल्याने दरबारी रीत वैनगंगाकाठी रुजली असल्यास नवल नाही. या नंदीची घडणही निराळी असते. वाळवंटी युद्धातील रणगाड्यांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती १/३५ अशा ठरावीक प्रमाणात बनतात आणि त्यांचा वाळूसारखा रंगही हौशी लोक मूळ रंगाशी ताडून पाहतात, पण सुताराचा नंदी अशा मोजमापात बसत नाही: वशिंड, म्हणजे खांद्यावरचा उंचवटा, आणि शिंगे तो मुद्दाम ठसठशीत ठेवतो, कारण बैलाचा रुबाब तिथेच असतो. रंगवलेल्या अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ आणि शिंगांना बेगड चढली, की मुले नंदी घरोघरी नेतात व बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे किंवा खाऊ, मिळवतात.