संरक्षणाचे बिल

आपले संतपूर पूर्वी निजामाच्या राज्यात होते. १८००च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी मुलूख तोडून दिला. हिशेब मिटला, असे त्याला वाटले असेल. पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाची आणखी एक फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. शांततेच्या काळात ती पोसण्याचे कलम तहात नव्हते, आणि डलहौसीला ते ठाऊक होते. तरी थकबाकी फुगत गेली. १८५३ मध्ये तिच्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांकडे गेले. १८६० मध्ये धाराशिव-रायचूर परत आले, वऱ्हाड नाही. तिथे कापूस होता, आणि तो लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. (आम्ही डॉक्टर फी घेतो, रुग्णाचे शेत लिहून घेत नाही.)

शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, निजाम: इंग्रजांनी प्रत्येकाशी निराळा तह केला. एकाला मिळालेली सवलत दुसऱ्याला मागता आली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या बहुतेक मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा मला हेच आठवले. जागतिक व्यापार संघटनेचे सर्वांसाठीचे नियम बाजूला सारून आजही एकेका देशाला वेगळे बोलावले जाते.