शिकवणारे विद्यापीठ की नुसते परीक्षा घेणारे?

ऑनलाइन शिक्षण परिणामकारक ठरले का, यावर २०२० पासून भरपूर चर्चासत्रे झाली. बहुतेक ऑनलाइनच झाली, आणि ज्यांची हजेरी तिथे लागू शकत होती त्यांनीच निकाल दिला. आम्हाला हा प्रश्न जरा मागून तपासायचा आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्याचे काम संलग्न कॉलेजांतल्या मुलांची परीक्षा घेणे आणि पदवी देणे. शिकवणे हे त्याचे काम मानलेच नव्हते. बाबासाहेब कोलंबियात सेलिग्मन, ड्यूई यांच्यासमोर बसून शिकले होते, त्यामुळे ही उणीव त्यांना नेमकी दिसली. १९२५ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीला दिलेल्या लेखी उत्तरांत त्यांनी विद्यापीठ हे अध्यापन आणि संशोधनाचे केंद्र व्हावे अशी बाजू मांडली. १९२७ मध्ये कायदे कौन्सिलात विद्यापीठ विधेयकावर बोलताना ते म्हणाले की, उच्च शिक्षण गरजू आणि गरिबांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे.

आज हाच मुद्दा उलटा वापरला जातो. "बघा, मोबाइलमुळे विद्यापीठ दारात आले!" पण दारापर्यंत नेणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी पुढे करून दाखवले. १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी तास सकाळी ठेवले. कॉलेजची वेळ बदलली, कॉलेज काढून टाकले नाही. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंदची सुरुवात केली, तिथे वसतिगृहाला वर्गाइतकेच महत्त्व होते. खेड्यातून आलेल्या मुलाला अभ्यासाला छप्पर, दिवा आणि सोबती लागतात, हे कुणी त्यांना सांगायची गरज नव्हती.

आता वेल्ह्यातले पाली घ्या. राजगडाच्या पायथ्याचे गाव, गडाच्या पाली दरवाजाची वाट इथूनच चढते. इथला पोरगा पुण्याला शिकायला जातो तेव्हा त्याला तासांबरोबर ग्रंथालय मिळते, सिनिअरच्या जुन्या नोट्स मिळतात, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देणारा कार्यकर्ता मिळतो. मार्च २०२० मध्ये वसतिगृहे रिकामी झाली आणि हे सगळे एका झटक्यात गेले. उरली लिंक. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत इंटरनेट होते आणि ४.४ टक्के घरांत संगणक. शहरांत हेच आकडे ४२ आणि २३.४. घरात इंटरनेट आहे म्हणजे एकच फोन असू शकतो, आणि तो बाप कामावर घेऊन जातो. हा हिशेब ठाऊक असूनही शिक्षण "सुरू" असल्याचे जाहीर झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये पुणे विद्यापीठाने अंतिम वर्षाची बहुपर्यायी परीक्षा घेतली. म्हणजे शिकवणे निम्मे हरवले, परीक्षा मात्र झाली. १८५७ चे विद्यापीठ परत आले!

मोबाइलशी आमचे वैर नाही, चळवळीचे निम्मे काम त्यावरच चालते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून दुरून शिकवते, पण छापील पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांच्या आधाराने. दूरशिक्षण चालते ते अशा आधारावर. तो आधार न देता २०२१ मध्ये यूजीसीने ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवण्याचा मसुदा पुढे केला. वर्ग कमी झाले की प्राध्यापकांच्या जागा कमी होतात, आणि जागा गेल्या की त्यांतल्या राखीव जागाही जातात. स्क्रीनवरच्या एका व्याख्यानाला रोस्टर लागत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेत आपले जे प्रतिनिधी बसतात त्यांनी पुढच्या बैठकीत हाच हिशेब मागावा: किती तास ऑनलाइन गेले, आणि त्या विषयांच्या किती जागा भरल्या?