जीपमधील डिझेल एंजिन : इंधनबचतीच्या इतिहासाचा एक विचार

चारही चाकांना एंजिनाची शक्ती पोचविणारी मोटारगाडी इंधनाच्या बाबतीत मुळातच खर्चिक असते. तिचे वजन अधिक, बांधणी उंच, दर्शनी बाजू सपाट आणि शक्तिवहनाच्या मार्गातील दंतचक्रांची संख्याही अधिक. अशा गाडीत डिझेल एंजिन बसविले की ती किफायतशीर होते, ही समजूत भारतात गेल्या अर्धशतकात दृढ झाली. ती निराधार नाही. तथापि ‘बचत’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात. उष्णतेची बचत ही पहिली, रोधातून होणाऱ्या शक्तिव्ययाची बचत ही दुसरी आणि इंधनाच्या दरातील फरकामुळे होणारी पैशाची बचत ही तिसरी. भारतीय जीपच्या इतिहासात या तिन्हींचा क्रम कसा लागला, हे पाहिल्यास त्या समजुतीचा खरा अर्थ ध्यानात येतो.

प्रथम उष्णतेचा विचार करणे इष्ट होईल. रुडॉल्फ डिझेल याने आपल्या एंजिनाची कल्पना १८९२ साली एकस्वासाठी मांडली. १८९७ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी त्या एंजिनाची परीक्षा घेतली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर होते, असे आढळले. त्या काळच्या सामान्य वाफेच्या एंजिनांच्या मानाने हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. यामागील मुख्य कारण म्हणजे हवेचे अतिशय दाट संपीडन. पेट्रोल एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण आधीच दाबले जात असल्याने संपीडनावर मर्यादा पडते. डिझेल एंजिनात केवळ हवा दाबली जाते व इंधन शेवटी फवारले जाते, म्हणून ती मर्यादा पुष्कळ पुढे जाते. दुसरे कारण जीपसारख्या गाडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पेट्रोल एंजिनाची शक्ती कमी करावयाची असता हवेचा मार्गच आखडावा लागतो, आणि आखडलेल्या मार्गातून हवा ओढण्यात शक्ती वाया जाते. डिझेल एंजिनात फक्त इंधनाचे प्रमाण कमी केले जाते. संथ गतीने, अर्धवट भाराने, खाचखळग्यांतून चालणाऱ्या गाडीत हा फरक विशेष जाणवतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डिझेल हे पेट्रोलपेक्षा दाट इंधन असल्याने एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्क्यांहून थोडी अधिक उष्णता असते. म्हणजे लिटरमागे किलोमीटर मोजताना डिझेलच्या पदरी जे श्रेय पडते, त्यातील काही भाग एंजिनाचा नसून इंधनाच्या घनतेचा असतो.

भारतात जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने सुरू केली. १९४१ साली अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज जीपचे एंजिन पेट्रोलचे, सुमारे २,२०० घनसेंटिमीटर क्षमतेचे व साठ अश्वशक्तीचे होते. त्याचे संपीडनाचे प्रमाण अवघे साडेसहास एक इतकेच होते. पुढे भारतात दीर्घकाळ तयार झालेल्या ‘सीजे-३बी’ या प्रकारातही पेट्रोलचेच सुधारलेले एंजिन होते, आणि ते उंच असल्याने गाडीचे बॉनेट वर उचलावे लागले होते. या गाड्या जंगल, पाटबंधारे, महसूल, पोलीस अशा सरकारी खात्यांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. गाडी हव्या त्या ठिकाणी पोचणे हीच तेथील निकड होती. इंधनाचा खर्च हा त्यामानाने गौण प्रश्न होता.

१९७३ च्या ऑक्टोबरमधील तेलसंकटाने हा प्रश्न अग्रभागी आणला. खनिज तेलाचा भाव सुमारे तीन डॉलर पिंपामागे होता, तो १९७४ च्या आरंभी बारा डॉलरांच्या जवळ पोचला. भारतात इंधनाचे दर शासन ठरवीत असे, आणि शेती व मालवाहतूक यांवर बोजा पडू नये म्हणून डिझेलचा दर पेट्रोलच्या मानाने पुष्कळ खाली ठेवला जाई. अशा स्थितीत डिझेल जीपकडे लोकांचा ओढा वाढला. त्यासाठी लागणारे एंजिन ट्रॅक्टरच्या रूपाने हाताशी होते. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ साली स्थापन झालेली ट्रॅक्टर कंपनी १९७७ साली महिंद्र कंपनीत विलीन झाली. तिच्या ट्रॅक्टरांच्या वंशातील सुमारे २,३५० घनसेंटिमीटरचे डिझेल एंजिन जीपमध्ये आले. हे एंजिन चिवट व दुरुस्तीला सोपे होते. परंतु ते नांगरासाठी कल्पिलेले, मंद फेऱ्यांचे व वजनदार होते. त्याची पैशाची बचत निर्विवाद होती. महामार्गावरील प्रवासासाठी मात्र ते घडविलेले नव्हते.

फ्रान्समधील प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ हे डिझेल एंजिन तयार करण्याचा परवाना १९७९ साली घेतला गेला, आणि इगतपुरी हे एंजिनांच्या निर्मितीचे केंद्र बनले. चार सिलिंडर व नव्वद मिलिमीटर व्यास, असा त्या नावातील आकड्यांचा अर्थ. हे २,११२ घनसेंटिमीटरचे एंजिन मोटारगाडीच्या परंपरेतील असल्याने अधिक फेऱ्यांचे होते. मात्र त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता बाजूच्या लहान कक्षात फवारले जाई. त्यामुळे ज्वलन सौम्य होई व आवाज कमी येई. परंतु कक्षाच्या भिंतींवाटे उष्णता वाया जात असे. थेट फवारणीच्या एंजिनापेक्षा अशा एंजिनाला दहा ते पंधरा टक्के अधिक इंधन लागते, हे अभियंत्यांना पूर्वीपासून ठाऊक होते.

दुसऱ्या प्रकारची बचत एंजिनाबाहेरची आहे. मूळ जीपमध्ये पुढील चाकांची शक्ती खटक्याने तोडता येते. पण शक्ती तोडली तरी रस्त्यावर फिरणारी पुढची चाके आपल्याबरोबर आसाचे दांडे, दंतचक्रे व पुढील लांब दांडा व्यर्थ फिरवीत राहतात. १९४८ साली अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी चाक आसापासून मोकळे करणारे हब तयार करून या नुकसानीवर उपाय योजला. पुढील आसाला जोडणारा खटका कोरड्या डांबरी रस्त्यावर चालू ठेवणे, ही त्याहून मोठी चूक ठरते. वळणावर पुढील व मागील चाके भिन्न अंतर कापतात. जुन्या जीपमध्ये तो फरक सामावून घेणारी यंत्रणा दोन आसांमध्ये नसल्याने दंतचक्रे ताणली जातात, टायर घासतात आणि इंधन वाया जाते.

गिअरचाही वाटा मोठा होता. तीन गिअरांच्या जुन्या पेटीमुळे रस्त्यावर एंजिनाला नाहक अधिक फेरे करावे लागत. १९८२ साली किया कंपनीकडून चार गिअरांच्या पेटीचा परवाना घेतला गेला. हवेचा रोध तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. सपाट काचेच्या, उंच गाडीला हा हिशेब टाळता येत नाही. टायरमधील हवा पुरेशी ठेवणे, टपावरील निरुपयोगी भार काढणे व वेग आवरणे या १९७८ पासून पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ सांगत आलेल्या साध्या गोष्टींचे महत्त्व म्हणूनच जीपच्या बाबतीत अधिक आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘वडाप’ म्हणून धावणाऱ्या जीपवर्गातील गाड्यांनी या हिशेबात आणखी एक माप आणले. पुढील आसाला शक्तीच न देणारी, हलकी केलेली गाडी आणि तिच्यात खचाखच भरलेली माणसे, असे ते स्वरूप. माणशी इंधन पाहिले तर ही बचत कोणत्याही यांत्रिक सुधारणेहून मोठी होती. मात्र तिची किंमत प्रवाशांच्या सुरक्षिततेने चुकती झाली, हे विसरता येत नाही.

उष्णतेची बचत भारतीय गाड्यांत पूर्णत्वाने आली ती एकविसाव्या शतकात. १९९७ साली इटलीच्या अल्फा रोमिओ गाडीतून ‘कॉमन रेल’ पद्धत प्रवासी मोटारीत अवतरली होती. तीत अतिउच्च दाबाचे इंधन एका सामाईक नळीत साठवून विद्युत्-नियंत्रणाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. २००२ साली आलेल्या स्कॉर्पिओत ही पद्धत काही वर्षांतच बसविली गेली, आणि २०१० च्या थार गाडीच्या एका प्रकारातही ती आली. टर्बोचार्जरमुळे लहान एंजिनातून अधिक शक्ती मिळू लागली.

याच सुमारास दराचा आधार ढळू लागला. पेट्रोलचे दर २०१० साली नियंत्रणमुक्त झाले. डिझेलचे दर २०१३ च्या जानेवारीपासून थोडेथोडे वाढत जाऊन २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये मुक्त झाले. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल मोटारींच्या नोंदणीस तात्पुरती मनाई केली. ती ऑगस्ट २०१६ मध्ये अधिभाराच्या अटीवर उठली. मधल्या काळात १,९९० घनसेंटिमीटरचे एंजिन बाजारात आले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत सहा’ नियमांनी काजळी गाळणारी यंत्रणा अपरिहार्य केली. ती साफ करण्यासाठीही अधूनमधून थोडे इंधन जाळावे लागते. इंधन वाचविणारे एंजिन हवाही निर्मळ ठेवते, हे गृहीत तेथे संपले.

या घटनाक्रमावरून असे दिसते की, भारतीय जीपमध्ये पैशाची बचत प्रथम आली, रोधाची बचत अंशतः व सावकाश आली आणि उष्णतेची बचत सर्वांच्या शेवटी आली. स्वस्त दराने मिळणारा लाभ हातात असता यंत्र सुधारण्याची निकड मंदावली असावी, असे अनुमान या क्रमावरून काढणे अयोग्य ठरणार नाही. दर हे शासनाच्या धोरणावर अवलंबून असतात व ते बदलतात. मोकळ्या हबने किंवा थेट फवारणीने वाचलेले इंधन मात्र दर कोणताही असो, वाचलेलेच राहते. स्वस्त इंधन जाळणे आणि कमी इंधन जाळणे यांतील हा भेद ओळखण्यास भारतीय मोटारव्यवसायाला जवळजवळ चार दशके लागली.