दर दोन तासांनी कूस

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर व्रण (बेडसोर) दिसला, की जाँ-मार्तँ शार्को तो मरणाचा सांगावा मानत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जासंस्थेचे आजार पाहणारे हे बडे डॉक्टर. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की कातडी आपोआपच सडते, तिथे शुश्रूषेचं काही चालत नाही, असं त्यांचं मत. वास्तविक शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी त्याआधीच मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांना दाबापासून जपलं, कोरडं-स्वच्छ ठेवलं, तेव्हा व्रण झाले नव्हते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८५९मध्ये दोष बहुधा शुश्रूषेचाच असतो, असं बजावलं होतं. पण वजन शार्कोंच्या शब्दाला! पहिल्या महायुद्धात कणा मोडलेल्या सैनिकाची आशा जवळजवळ सोडूनच देत.

ही हताशा मोडली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात. नाझी जर्मनीतून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४मध्ये तिथे अशा जखमींचा विभाग सुरू केला. रात्रंदिवस, दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, हा त्यांचा दंडक. मध्यरात्री अचानक वॉर्डात येऊन ते स्वतः खात्री करत.

दोनच तास का? सांगतात ते असं, की एका टोकापासून सगळ्यांना वळवत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तेवढा वेळ जाई, आणि मग पुन्हा पहिला पलंग. दंतकथा असेलही, पण वॉर्डचं काम पाहिलेल्या कुणालाही ती पटेल.

कूस कुणाची आधी बदलायची, याचं माप मात्र एका परिचारिकेने दिलं. डोरीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांचा वृद्ध रुग्णांचा अभ्यास १९६२मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा या प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा कमी, तर धोका. पाठीला नाना लेप नि मलमं चोळण्यापेक्षा दाब हलवणं महत्त्वाचं, हेही त्यातून दिसलं. आपल्याकडच्या वॉर्डांत तरी स्पिरिट-पावडरची चोळणी त्यानंतरही वर्षानुवर्षं चालू होती.

दोन तासांच्या नियमाची एक परीक्षा २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांच्या गटाने अमेरिका-कॅनडातल्या शुश्रूषागृहांतल्या ९४२ वृद्धांना दोन, तीन किंवा चार तासांनी वळवलं. व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र ते सगळे दाट फोमच्या गादीवर होते. साध्या कापसाच्या गादीवर झोपलेल्या आजोबांना हा निकाल लावता येत नाही.